धुऊन नेलेला पंप

हैदराबादहून परत आल्यापासून भेटेल तो माणूस विचारतो, चारमिनार पाहिला का? त्यानंतर लगेच, मोती आणले का? बायका बांगड्यांचं विचारतात, आमच्या संस्थेचे सचिव बिर्याणीचं विचारतात. चारमिनार मी रिक्षातून, दुरून आणि अर्धाच पाहिला, कारण उरलेला अर्धा एका शीतपेयाच्या जाहिरातीमागे होता. मोती पाहिले नाहीत. सहा दिवस त्या शहरात राहून मी आणला तो मोटारीचा पाण्याचा पंप, आणि तोही दुकानातून विकत आणलेला नव्हे. त्या सहा दिवसांत मी जितकी चिडले तितकी गेल्या सहा वर्षांत चिडले नसेन. मी मुख्याध्यापिका आहे, म्हणजे चिडण्याचा सराव मला पुष्कळ आहे, तरीही.

आमची शाळा उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. शाळेची एक जुनी डिझेलची गाडी आहे, चौदा आसनांची, निळी. ती आजूबाजूच्या तांड्यांवरून मुलींना आणते. ती गाडी नव्हती तेव्हा दहावीच्या वर्गात तांड्यावरची एकही मुलगी नव्हती. यंदा अकरा आहेत. परीक्षेचं केंद्र तांड्यापासून अठरा किलोमीटरवर, सकाळची एसटी त्या बाजूला नाही, आणि परक्याच्या भाड्याच्या जीपमधून पोरी पाठवणार नाही, असं तांड्यावरच्या बायांनी मला तोंडावर सांगितलेलं. गाडी असेल आणि चालवायला आमचा हणमंत असेल, तरच पोरी जाणार, असं मी धरून चालले होते.

परीक्षेला दहा दिवस राहिले आणि पंप फुटला. हा पंप इंजिनाभोवती गार पाणी फिरवतो. तो बंद पडला की इंजिन तापतं आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. आमच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्याने त्याच्या आतल्या पंख्याची पाती कुरतडली होती आणि वरच्या कवचाला तडा गेला होता. उदगीरला तडा सांधून घेतला, तो दोन दिवसांत पुन्हा उकलला. लातूरच्या दुकानदाराने पंप बघून हात जोडले आणि म्हणाला, बाई, हा आता हैदराबादलाच. लातूरहून परतल्यावर मी तांड्यावर गेले, अकरा मुलींना समोर बसवलं आणि सांगितलं की परीक्षेच्या दिवशी, सोमवारी सकाळी गाडी तुमच्या दारात असेल. मग पंप पिशवीत घालून मंगळवारी निघाले.

मलकपेठ

मलकपेठेत माझा मावसभाऊ राहतो, मधूदादा. तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेलेलं घर. दादाचे आजोबा निजामाच्या काळात महसूल खात्यात होते, दादा स्वतः सचिवालयातून निवृत्त झाला. घराच्या गच्चीवरून रेसकोर्सचं एक टोक दिसतं आणि शर्यतीच्या दिवशी दादा गच्चीवरच असतो. पैसे लावत नाही, नुसता बघतो, आणि हरणाऱ्यांना नावं ठेवतो.

मी पिशवीतून पंप काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला तसा दादाने चष्मा लावला.

"हे घेऊन आलीस तू? कुसुम, कायकू एवढी परेशान होतेस? नवी गाडी घ्या की. लोन देतात आता, बँकवाले घरी येऊन देतात. जमाना बदलला आहे."

"कुणाच्या घरी येतात, दादा? आमच्या गावात बँकच मंगळवारी आणि शुक्रवारी उघडते."

"वन्सं, आधी जेवून घ्या," सुधावहिनी म्हणाल्या, आणि पंप उचलून जमिनीवर ठेवला. "पप्पू गरम आहे तोवर."

पप्पू म्हणजे वरण. वहिनी माहेरच्या परभणीच्या, पण तीस वर्षांत त्यांच्या मराठीत तेलुगू असं मुरलं आहे की त्यांचं त्यांनाही कळत नाही. ताटात अंबाडी होती. आमच्याकडे अंबाडी ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात आणि भाकरीशी खातात. इथे तीच तेलात परतून, लाल मिरची घालून, पांढऱ्या भातावर घेतात आणि डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी थांबत नाही. मी तीनदा घेतली. राग आला की मला भूक लागते.

काचेचं दुकान

बुधवारी सकाळी आधी कंपनीच्या शोरूममध्ये गेले. दादा म्हणाला होता की तिथे जुना पंप मिळणार नाही, जाऊ नकोस, म्हणून तर गेलेच. नामपल्लीवरून पुढे गेलं की तो मोठा रस्ता लागतो. नुमाइश, म्हणजे दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, नुकतीच उठली होती, मैदानावरचे बांबू अजून उतरवत होते. शोरूम सगळी काचेची. आत गारवा, आणि मधोमध एका फिरत्या चबुतऱ्यावर लाल गाडी हळूहळू गोल फिरत होती. ती कुठे जात नव्हती, नुसती फिरत होती, आणि तिच्यासाठी वीज जळत होती.

टाय लावलेल्या एका तरुणाने माझा पंप दोन बोटांत धरला.

"मॅडम, हे मॉडेल डिसकंटिन्यू झालं आहे."

"मॉडेल झालं असेल. माझी गाडी झालेली नाही. ती उभी आहे."

"पार्ट येत नाही आता. कंपनीने साचेच मोडीत काढले. नवीन टेक्नॉलॉजी आली ना."

"ही गाडी शाळेला विकली तेव्हा तुमचाच माणूस आमच्या गावी आला होता," मी म्हटलं. "आमच्या कार्यालयात बसून त्याने पोहे खाल्ले आणि सांगितलं, बाई, तुम्ही रिटायर व्हाल पण ही गाडी होणार नाही. मला रिटायर व्हायला अजून सहा वर्षं आहेत."

तो हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. आपण विकलेल्या वस्तूचं पुढे काय झालं याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, आणि तसं नसणं हीच आता नवी रीत आहे असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्याने मला कर्जाचा अर्ज आणि एक रंगीत पुस्तिका दिली. वर सांगितलं, "बाहेर कुणाकडून बनवून घेऊ नका हं मॅडम. डुप्लिकेट पार्टने इंजिन जातं."

"तुमच्याकडे ओरिजिनल नाही, आणि दुसऱ्याने केला तर तो डुप्लिकेट," मी म्हटलं. "मग मुलींना मी खांद्यावर घेऊन जाऊ?"

शोरूममधली दोन माणसं वळून बघायला लागली. मी पुस्तिका फिरत्या चबुतऱ्यावर ठेवली. ती लाल गाडीबरोबर फिरत पलीकडे गेली आणि मी बाहेर पडले.

बेगम बाजारामागची गल्ली

दादाने ओळख काढून दिली होती ती जब्बार उस्तादांची. बेगम बाजारात मिरच्यांच्या पोत्यांमधून वाट काढत, शिंकत, पलीकडे गेलं की एक अरुंद गल्ली लागते. तिथे भाषा हातोड्यांची आहे. एका दुकानात जुने पिस्टन रचलेले, दुसऱ्यात गिअर, तिसऱ्यात नुसते नटबोल्ट. बाई माणूस तिथे मी एकटीच होते. उस्तादांनी शेजारच्या शिंप्याकडून खुर्ची मागवली आणि पुसून दिली. साठीचे, सडपातळ, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. माझे वडील हैदराबादेत उर्दूतून मॅट्रिक झालेले, त्यामुळे इथली दखनी उर्दू माझ्या कानाला परकी नाही.

त्यांनी पंप हातात घेतला. वळवला, नाकाशी नेला, वास घेतला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अम्मा, ये किसने धोया?"

आता इथे मला खरं सांगायलाच हवं. आमच्या घराची रीत आहे की दुसऱ्याच्या दारात जाणारी वस्तू स्वच्छ करून न्यायची. उसना आणलेला डबासुद्धा आम्ही चिंचेने घासल्याशिवाय परत करत नाही. पंप परगावी कारागिराकडे न्यायचा, तर तो चिखलाचा, तेलकट, गंजलेला कसा न्यायचा? मी तो रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवला होता. सकाळी काथ्याने घासला. वर आमच्या कार्यानुभवाच्या गुरुजींना सांगून त्याची बसायची बाजू कानशीने छान सपाट करून घेतली, कारण तिथे ओबडधोबड दिसत होतं. चिकटलेला कागदाचा जुना तुकडा खरवडून फेकून दिला. मंगळवारी निघताना पंप चांदीच्या तांब्यासारखा चमकत होता आणि मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

"मी धुतला," मी म्हटलं. "का?"

"कैकु धोये?" उस्ताद कळवळून म्हणाले. "मैल में-इच तो सब लिखा रहता अम्मा. पंखा कित्ता अंदर जाता, कां घिसता, कां से पानी छूटता, सब मैल बोलता. अब ये कुच बोलता-इच नै."

मी त्यांच्यावर भडकले. म्हणजे आता स्वच्छतेचाही गुन्हा झाला का, असं काहीतरी म्हणाले. मग त्यांनी गल्लीतल्या मातीवर खिळ्याने चित्र काढून समजावलं. पंपाचा पंखा इंजिनाला असलेल्या एका खळग्यात फिरतो. पाती खळग्याच्या तळाला लागली तर घासून तुटतात. तळापासून फार दूर राहिली तर पाणी नुसतं ढवळलं जातं, पुढे जात नाही. मधे जेमतेम नखाएवढी फट लागते. ती फट किती, हे जुन्या पंपावरच्या क्षाराच्या रेघांवरून त्यांना कळलं असतं. रेघा मी चिंचेने काढल्या होत्या. उरलं ते माप बसायच्या बाजूवरून कळलं असतं, ती बाजू गुरुजींनी कानशीने खाल्ली होती.

इतका वेळ मी सगळ्या जगावर चिडत होते. त्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा स्वतःवर चिडले, आणि तो राग फार वाईट असतो कारण तो कुणाच्या अंगावर टाकता येत नाही. बुधवार अर्धा संपला होता. गाडीचं इंजिन तिकडे, मी इकडे.

"इंजन का खड्डा कित्ता गहरा है, उत्ता मालूम हुआ तो बस," उस्ताद म्हणाले. "फोन है क्या गाँव में?"

फोन होता, पण शाळेत नाही. गावातल्या किराणा दुकानात. आणि हणमंत उत्तम गाडी चालवतो, पण त्याला मापाची मिलिमीटरची भाषा येत नाही. उस्ताद म्हणाले की पट्टीवर वाचायला सांगूच नका, वस्तू पाठवायला सांगा. मी म्हटलं, शाळेत वस्तू म्हणजे काय असणार, खडू. ते म्हणाले, "खडू? हौ. खडू-इच चलता."

एस.टी.डी. बूथ

मलकपेठेच्या बूथमध्ये मी काचेच्या डब्यात उभी राहून अर्धा तास ओरडत होते. बाहेर रांग लागली होती. किराणा दुकानदाराने हणमंतला बोलावून आणलं.

"हणमंत, ऐक. पंप काढला त्या जागी खळगा आहे. त्यात नवा खडू उभा धरायचा. खळग्याच्या तोंडावर आडवी पट्टी ठेवायची. पट्टी जिथे खडूला टेकते तिथे ब्लेडने रेघ मारायची. काय मारायची?"

"रेघ, बाई."

"कशाने?"

"ब्लेडनं, बाई."

"असे तीन खडू, तीन जागी. आणि त्या जागेवर कोरा कागद दाबून तेलकट हातानं घासायचा, म्हणजे भोकांचा ठसा उमटेल. सगळं खडूच्या खोक्यात घालून उद्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं. आणि हणमंत, तो खळगा धुवायचा नाही. पुसायचा नाही. हात लावायचा नाही."

"हात न लावता खडू कसा धरू, बाई?"

रांगेतली माणसं हसली. मी त्याच्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं, वर्गात घेते तसं. बाहेर आले तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, अम्मा, कोणत्या शाळेत शिकवता? मी म्हटलं, दूरच्या. ते म्हणाले की चांगली असेल.

बस स्टँड

गुरुवारी दुपारी तीनला गाडी येणार होती, पाचला आली. मी फलाटावर उभी, शेजारी वहिनी, त्यांच्या हातात बेगम बाजारातून घेतलेल्या मिरच्यांची पिशवी. कंडक्टरने खोकं दिलं. उघडलं तर आत तेलकट ठशाचा कागद आणि तीन खडू. दोन नीट होते. तिसऱ्याचं एक टोक झिजून तिरकं झालेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"टपावरच्या सामानावर गावांची नावं घालायची होती बाई," कंडक्टर म्हणाला. "खोक्यात खडू दिसला, घेतला. परत ठेवला की."

"त्या खडूची लांबी मोजायची होती!"

"खडूची?" त्याने माझ्याकडे, मग वहिनींकडे पाहिलं. "बाई, खडूच आहे तो."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. फलाटावरचा हमाल थांबून ऐकत होता. वहिनींनी माझा दंड धरून मला ओढत बाहेर नेलं आणि रिक्षात बसवलं. "वन्सं, त्या बिचाऱ्याला काय माहीत?" त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं, पण त्या वेळी मला ते अजिबात पटलं नाही.

उस्तादांनी दोन नीट खडू शेजारी ठेवले. दोन्हींच्या रेघा सारख्या. तिसऱ्याची झीज त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि तो बाजूला सारला. "दो गवाह बस है," म्हणाले.

वाळू, गूळ आणि पतंग

शुक्रवारी ओतकाम. ते यादगिरी करतो. उस्तादांचं दुकान आणि यादगिरीची भट्टी पाठीला पाठ लावून आहेत, आणि दोघं गेली पंचवीस वर्षं एकमेकांशी भांडत काम करतात, एक दखनीत, दुसरा तेलुगूत. यादगिरीने "कूर्चोंडी, अम्मा" म्हणून मला बसायला दगड दाखवला.

नवा पंप माझ्या जुन्या पंपावरूनच बनणार होता. आधी वाळूत त्याचा ठसा घ्यायचा, मग त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. पण धातू निवला की आटतो, म्हणजे नवा नग जुन्यापेक्षा लहान होणार. त्यावर इलाज म्हणून उस्तादांनी जुन्या पंपाला पतंगाचा पातळ कागद खळीने चिकटवायला सुरुवात केली. एक थर, वाळवला. दुसरा थर, वाळवला. कुरतडलेल्या पात्यांना जास्त थर, कानशीने खाल्लेल्या बाजूलाही जास्त, खडूवरच्या रेघेइतके. संक्रांतीचे उरलेले पतंग होते, हिरवे आणि गुलाबी. माझा चकचकीत पंप तासाभरात रंगीत गाठोड्यासारखा दिसायला लागला आणि उस्ताद सारखे बोट फिरवून जाडी बघत होते.

यादगिरीची वाळू काळी, बारीक. त्यात तो गुळाचं पाणी शिंपडत होता. मी विचारलं, गूळ कशाला? त्याने मूठभर वाळू घेतली, दाबली आणि हात उघडला. मुठीचा ठसा जसाच्या तसा राहिला, बोटांच्या रेषांसकट. साध्या पाण्याने ती भट्टीजवळ वाळून सांडते, गुळाने धरून राहते. आमच्याकडे गूळ पोळीत जातो, इथे इंजिनात.

धातू कोणता, तर जुने पिस्टन. भंगारातले पिस्टन मुशीत वितळत असलेले पाहून मला शोरूमवाल्याचे शब्द आठवले आणि मी तोंडावर विचारलं, "उस्ताद, हा डुप्लिकेट नाही ना होत?"

उस्तादांना राग आला. पहिल्यांदाच. "अम्मा, पिस्टन आग में-इच जिंदगी निकालता. उससे अच्छा माल कां मिलता? हम इसपे कंपनी का नाम डाले तो चोर. नाम नै डालते. बनाते, देते, टूटा तो वापस लाओ बोलते. वो काच वाले बोलते क्या वापस लाओ?"

नाही बोलत. मला बरं वाटलं. त्या शहरात माझ्याइतका चिडलेला दुसरा माणूस मला भेटला होता.

पहिलं ओतकाम फुकट गेलं. वाळूतून काढलं तर पंख्याच्या दोन पात्यांमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं होती. मला ती दिसलीसुद्धा नसती. यादगिरीने ते पुन्हा मुशीत टाकलं आणि "मळ्ळी" म्हणाला, म्हणजे पुन्हा. उस्ताद त्याच्यावर ओरडले, तो उस्तादांवर ओरडला, आणि दोघांनी एक कप चहा दोन बशांत ओतून प्यायला. मी घड्याळ बघत होते. शुक्रवार संपत आला होता. संध्याकाळी दुसरं ओतलं ते चांगलं निघालं.

लग्नाची पत्रिका

शनिवारी लेथवर काम. उस्ताद मधेच यंत्र थांबवत, पंखा बसवत, खडू लावून बघत, काढत, पुन्हा एक केसभर कापत. कवच आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी गळू नये म्हणून कागदाची चकती लागते. तिच्यासाठी त्यांनी कपाटातून एक जाड लग्नपत्रिका काढली. सोनेरी बॉर्डरची, उर्दू अक्षरांची. ती पंपाच्या तोंडावर ठेवली आणि छोट्या हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत गेले. जिथे धातूची कड तिथे कागद आपोआप कापला जात होता. पाच मिनिटांत भोकांसकट चकती तयार. मग ती तेलात बुडवून ठेवली.

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"मेरे भांजे का. चार साल हो गये," उस्ताद म्हणाले. "कार्ड बोहत अच्छा छपाया था उने. दुकान में मिलता सो कागज इत्ता पक्का नै."

पंपात पाणी भरून, तोंडं बंद करून त्यांनी तो वर्तमानपत्रावर ठेवला. दोन तास आम्ही सगळे त्या वर्तमानपत्राकडे बघत बसलो. कागद कोरडाच राहिला. किंमत सांगितली ती वहिनींच्या त्या दिवशीच्या मिरच्यांपेक्षा फार नव्हती. मी जास्त देऊ लागले तर त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "अगली बार मैला लाना, बस."

दादाला घरी पंप दाखवला. नव्या पंपावर कुठलंच नाव नव्हतं. दादाने तो उलटापालटा करून पाहिला, बराच वेळ. मग म्हणाला, "चालेल का?"

"सोमवारी कळेल."

"कुसुम, ती लोनची गोष्ट मी गमतीत बोललो होतो," तो म्हणाला. तो गमतीत बोलला नव्हता, पण मी तसं म्हटलं नाही.

सोमवार

रविवारी दुपारी गावात पोचले. हणमंतने तासाभरात पंप बसवला. गाडी सुरू करून आम्ही अर्धा तास उभी ठेवली. काटा वर गेला, मधोमध थांबला आणि थांबलेलाच राहिला. हणमंतने पंपावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तांड्यावर निरोप पाठवायला हवा होता, पण संध्याकाळ झाली होती आणि मला वाटलं, निरोप कशाला? मी सांगूनच गेले होते.

सोमवारी सकाळी सहाला आम्ही तांड्यावर. दारात एकही मुलगी नाही. एक म्हातारी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, पोरी कधीच गेल्या, अंधारातच निघाल्या.

"कुठे गेल्या?"

"परीक्षेला. चालत."

मला तांड्यावरच ओरडावंसं वाटलं. हणमंतने गाडी वळवली. सात-आठ किलोमीटरवर त्या दिसल्या. रस्त्याच्या कडेने अकराजणी एका ओळीत, पाठीला दप्तरं, आणि चपला हातात. चपलेचा पट्टा तुटला तर केंद्रावर अनवाणी जावं लागेल म्हणून.

गाडी थांबायच्या आत मी उतरले.

"कुणी सांगितलं तुम्हाला चालायला? मी सोमवारी गाडी आणते म्हणाले होते ना?"

"म्हनाला होता, बाई," सुनीता म्हणाली. ती वर्गात पहिली येते.

"मग?"

"गाडी बंद हाय म्हणून निघालो."

"पण मी म्हणाले होते!"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. माझ्याबद्दल काही वाईटही वाटलेलं नव्हतं. मी म्हणाले होते हे तिला आठवत होतं, आणि गाडी नसेल असंही तिने धरलं होतं, आणि या दोन्हींमध्ये तिला काहीच खटकत नव्हतं. बाकीच्या दहाजणीही तशाच उभ्या होत्या, चपला हातात घेऊन, मी का ओरडते आहे ते न कळून.

सहा दिवस मी शोरूमवाल्यावर चिडले, कंडक्टरवर चिडले, उस्तादांवर चिडले. जे आपल्याला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही म्हणून चिडले. या मुलींना आपल्याला काही मिळायला हवं होतं असं वाटलंच नव्हतं. पाच वर्षं मी त्यांना इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्रात हक्कांचा धडा तर मी स्वतः घेते. मी गाडीचं दार उघडून धरलं आणि एकेकीला आत चढवलं. सगळ्या बसल्यावर त्यांनी चपला पायांत घातल्या.

केंद्र येईपर्यंत इंजिनाचा काटा हलला नाही. मुली वहीतली उत्तरं पुटपुटत होत्या. उतरताना सुनीता दारात थांबली.

"बाई, माघारी बी गाडी हाय का?"

"आहे," मी म्हटलं. "माघारीही आहे, उद्याही आहे, रोज आहे. आणि ज्या दिवशी नाही आली त्या दिवशी चालत निघायचं नाही. सगळ्यांनी माझ्या दारात यायचं आणि माझ्याशी भांडायचं. कळलं?"

मुली एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत.